कॉलेज प्रवेशाची तयारी नववीतच सुरू व्हायला हवी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की कट-ऑफ, टक्केवारी आणि रिक्त जागा यांवर महिनाभर चर्चा होते. त्या चर्चेत एक गट कायम सुटून जातो. गुण आहेत, आरक्षणाचा किंवा शुल्कमाफीचा हक्क आहे, यादीत नावही लागले आहे, तरी प्रवेश न झालेली ही मुले. एखादा दाखला मुदतीत मिळाला नाही, एखादा हप्ता वेळेत भरता आला नाही, राहायची सोय झाली नाही, एवढ्याच कारणांनी ती गळतात. घरात आधी कोणी कॉलेजात गेलेले नसते. त्यामुळे कोणता कागद किती आधी लागतो, हे सांगणारे कोणी नसते.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार १८ ते २३ वयोगटातील उच्च शिक्षणातल्या नोंदणीचे ढोबळ प्रमाण देशात २८.४ टक्के आहे. अनुसूचित जातींमध्ये ते २५.९ आणि अनुसूचित जमातींमध्ये २१.२ टक्के आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत ५० टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले आहे. नवीन कॉलेजे काढून ते गाठता येईल असे आम्हाला वाटत नाही. आज ज्यांचा हक्क कागदावर मान्य आहे, त्यांना तो प्रवेशाच्या तारखेआधी हातात देणे हे पहिले काम आहे, आणि ते बारावीच्या निकालानंतर सुरू करून होत नाही. नववीपासून सुरू करावे लागते.

सुरुवात नावापासूनच करू. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी. हा फरक चालून जातो. पण 'शिंदे'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी-जास्त असले, वडिलांच्या नावापुढे एका कागदावर 'राव' आणि दुसऱ्यावर नसले, की पडताळणीत अर्ज अडतो. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून दुरुस्ती कशाला धरून करायची हे आधी ठरले पाहिजे, आणि त्यासाठी शाळेच्या जनरल रजिस्टरमधली, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मूळ नोंदवहीतली नोंद प्रमाण धरावी. शाळा सोडल्यानंतर त्या नोंदीत बदल करून घेणे फार अवघड जाते. विद्यार्थी शाळेत असताना मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव पाठवून ते होऊ शकते. मंडळाच्या परीक्षेचा अर्ज भरण्याआधी नववीच्या वर्गात एकदा जनरल रजिस्टर, आधार आणि जन्मदाखला समोरासमोर ठेवून तपासला, तर पुढची अनेक हेलपाट्यांची कामे वाचतात. वयाच्या १५ व्या वर्षी आधारचे बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद नव्याने करणे बंधनकारक आहे. ते राहून गेले की ऐन अर्जाच्या वेळी ठसे जुळत नाहीत. मोबाइल क्रमांकाचेही तसेच आहे. आधारला जोडलेला क्रमांक बंद पडलेला असेल तर ओटीपी येत नाही आणि ओटीपीशिवाय एकही अर्ज पुढे सरकत नाही.

यानंतर येते जात पडताळणी. सर्वात जास्त मुले इथे अडतात, म्हणून याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच अनेक पालकांना प्रवेशाच्या वेळी कळते. दाखला उपविभागीय अधिकारी देतात. त्याची पडताळणी २००० च्या राज्य कायद्यानुसार नेमलेली समिती करते. व्यावसायिक अभ्यासक्रमातील राखीव जागेसाठी वैधता लागते. पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदारावर असते आणि पुरावा ठरावीक तारखेआधीचा मागितला जातो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबा, चुलत आजोबा किंवा पणजोबा यांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा किंवा महसुली नोंद शोधावी लागते. शाळा बंद झालेली असते, रजिस्टर जीर्ण झालेले असते, गाव धरणात गेलेले असते. ज्यांच्या आजोबांनी शाळेची पायरीच चढली नाही आणि ज्यांच्या नावे गुंठाभर जमीन नव्हती, त्यांच्याकडे १९६१ पूर्वीचा कागद कुठून येणार? भटक्या-विमुक्तांच्या मुलांवर या अटीचा भार सगळ्यात जास्त पडतो. नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या मुलांनाही हाच त्रास होतो, कारण कागद वडिलांकडच्या नात्यातले लागतात आणि ते घर दार उघडत नाही.

अर्ज नमुना १६ मध्ये करायचा, सोबत कॉलेजच्या प्राचार्यांचे नमुना १५-अ मधील पत्र, वंशावळीचे शपथपत्र नमुना ३ मध्ये आणि दुसरे शपथपत्र नमुना १७ मध्ये. वडील, काका, आत्या, चुलत भाऊ अशा रक्ताच्या नात्यातील कोणाची वैधता आधी झालेली असेल तर तिची प्रत पहिल्यांदा जोडावी. तिने काम खूप सोपे होते. बहुतेक अर्ज चार कारणांनी लांबतात. वंशावळीत ज्याचे नाव आहे त्याचा पुरावा जोडलेला नसतो. पुरावा जोडला आहे पण ती व्यक्ती वंशावळीत दाखवलेली नसते. जुन्या नोंदीत जातीचे नाव त्रोटक किंवा पोटजातीने लिहिलेले असते. आणि समितीने त्रुटीचे पत्र काढलेले असते, पण ते जुन्या पत्त्यावर गेलेले असते. कागदपत्रांनी समाधान झाले नाही तर प्रकरण दक्षता पथकाकडे जाते आणि गृहचौकशी होते. त्यात महिने जातात. आदिवासी अर्जदारांच्या बाबतीत आप्तभाव चाचणीचा, म्हणजे जमातीच्या चालीरीती व परंपरा जुळतात का हे तपासण्याचा, प्रश्न येतो. ती एकमेव निर्णायक कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. स्वातंत्र्यापूर्वीचा लेखी पुरावा हाती असूनही केवळ चाचणीवर दावा नाकारला गेला, तर पालकांनी तिथेच हार मानू नये.

हे सगळे बारावीनंतरच्या दोन महिन्यांत बसत नाही. अकरावीत प्रवेश झाला की पहिल्या सत्रातच अर्ज गेला पाहिजे. तो विद्यार्थ्याने एकट्याने न करता कनिष्ठ महाविद्यालयाने वर्गवार यादी करून करावा. केवळ अर्जाच्या पावतीवर प्रवेश प्रक्रियेत भाग घेऊ दिला जातो, पण ठरलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आले नाही तर विद्यार्थी खुल्या प्रवर्गात धरला जातो. मग एक तर जागा जाते, नाही तर पूर्ण शुल्क भरावे लागते. दोन्ही गोष्टी त्या घराला न परवडणाऱ्या.

ऊसतोड आणि वीटभट्टी कामगारांच्या मुलांसाठी वेळापत्रक वेगळे लागते. दसऱ्यानंतर आईवडील गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. शपथपत्र, उत्पन्नाचा दाखला, वडिलांचे कागद ही कामे ते गावात असतानाच होऊ शकतात. तालुक्याने शिबिर जानेवारीत ठेवले तर घराला कुलूप असते. अशा गावांत शिबिरे जून ते सप्टेंबर या काळातच घ्यावीत.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर (मागास प्रवर्गातील प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र) यांबद्दल थोडक्यात. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. जानेवारीत काढून निश्चिंत झालेल्या मुलाच्या हातात जूनमध्ये मुदत संपलेला कागद असू शकतो. प्रवेशासाठी पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेले प्रमाणपत्र लागते. काढताना त्यावरची तारीख वाचावी. सेवा केंद्रात अर्ज दिल्यावर तारखेची पावती मागून घ्यावी, कारण राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अध्यादेशानंतर आलेल्या कायद्याने प्रत्येक दाखल्याला मुदत दिली आहे. ती टळली तर अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पावती नसेल तर अपिलाला आधार राहत नाही.

प्रवेश फेऱ्यांमध्ये होणाऱ्या चुका वेगळ्या स्वरूपाच्या असतात. मोबाइलवरून काढलेले अस्पष्ट फोटो अपलोड करून ई-पडताळणीचा पर्याय घेतला जातो, त्रुटी निघते, ती दुरुस्त करण्याची मुदत उलटते आणि विद्यार्थी राखीव गटाऐवजी खुल्या गटातून यादीत येतो. ज्याच्याकडे स्कॅनर आणि खात्रीचे इंटरनेट नाही त्याने सुविधा केंद्रावर मूळ कागद घेऊन प्रत्यक्ष जावे. दुसरी चूक पसंतीक्रमाची. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात चार फेऱ्या झाल्या आणि पहिल्या फेरीत पहिला, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी पर्याय मिळाला की जागा आपोआप निश्चित होण्याचा नियम होता. कोणाच्या तरी सांगण्यावरून लांबच्या शहरातले नामांकित कॉलेज वर टाकले आणि ते मिळाले, पण तिथे राहण्याचा खर्च झेपत नसेल तर पुढच्या फेरीचा मार्गही बंद होतो. पसंतीक्रम भरताना प्रत्येक कॉलेजसमोर शुल्क, वसतिगृह आणि प्रवासखर्च लिहून मगच क्रम लावावा. शिक्षण शुल्कमाफी योजनेच्या म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या ५ टक्के अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जादा) जागांना स्वतंत्र पर्याय-क्रमांक असतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलाने तो क्रमांक वेगळा भरला नाही तर त्या जागेसाठी त्याचा विचारच होत नाही. खुल्या प्रवर्गातील गरीब मुलांसाठी ही योजना फार मोलाची आहे, कारण राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून त्यांचे निम्मेच शिक्षण शुल्क भागते.

आता पैशाकडे वळू. जागा मिळालेल्या मुलाला दोन-चार दिवसांत रक्कम भरायची असते आणि शिष्यवृत्ती पुढे कित्येक महिन्यांनी येते. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. धनबाद आयआयटीत जागा मिळालेल्या उत्तर प्रदेशातील एका दलित मजुराच्या मुलाला १७,५०० रुपये मुदतीत भरता आले नाहीत म्हणून जागा गमवावी लागली होती. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या अनुच्छेद १४२ मधील पूर्ण न्याय देण्याच्या विशेष अधिकाराखाली आदेश देऊन ती परत मिळवून दिली. तालुक्याच्या कॉलेजात १२ हजारांसाठी जागा सोडणारी मुलगी सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचू शकत नाही.

यावर उपाय नव्याने शोधायचा नाही, तो नियमांत आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२१ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांमध्ये 'फ्रीशिप कार्ड'ची तरतूद आहे. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याने ते दाखवले की संस्थेने शिक्षण शुल्क आगाऊ न घेता प्रवेश द्यायचा. हे कार्ड प्रवेश फेऱ्या सुरू होण्याआधी, बारावीच्या निकालाच्या सुमारास विद्यार्थ्याच्या हातात पडले तरच त्याचा उपयोग आहे. तसेच कार्ड आदिवासी, भटके-विमुक्त, इतर मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतील पात्र मुलांना राज्याने स्वतःहून द्यावे. दुसऱ्या बाजूने, कॉलेजेही सगळी लबाडी करतात असे नाही. विनाअनुदानित कॉलेजचा पगार शुल्कातूनच होतो आणि शासनाकडची प्रतिपूर्ती (माफ केलेल्या शुल्काची भरपाई) रखडली की तेही मुलांकडे तगादा लावतात. म्हणून प्रतिपूर्तीचा पहिला हप्ता पहिले सत्र संपण्याआधी देण्याचे बंधन शासनाने स्वतःवर घालून घ्यावे.

शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पोहोचत नाही, याचे सर्वात मोठे कारण बँक खाते आहे. खात्याला आधार दिलेला असणे आणि ते खाते एनपीसीआय या बँकांमधील देयक व्यवहार पाहणाऱ्या संस्थेच्या यादीत आधारशी जोडलेले असणे यात फरक आहे. अनुदान आधार क्रमांकावरून पाठवले जाते आणि सर्वात शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, मग अर्जात कोणताही खाते क्रमांक लिहिलेला असो. मुलाने मध्येच मोबाइलवर दुसरे खाते उघडले असेल तर पैसा तिकडे जातो आणि घरचे बँकेत चकरा मारत राहतात. यूआयडीएआय या आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणते खाते जोडलेले आहे ते दिसते. अर्जाआधी ते पाहून घ्यावे. शाळेत असताना कमी कागदांवर उघडलेल्या 'छोट्या खात्या'त शिल्लक ५० हजारांच्या वर आणि वर्षाची जमा एक लाखाच्या वर जाऊ शकत नाही. अभियांत्रिकीची प्रतिपूर्ती अशा खात्यात आली की परत जाते. पूर्ण केवायसी करून मर्यादा काढून घ्यावी. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते, तेही चालू करून घ्यावे.

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरला म्हणजे काम झाले असे समजू नये. अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनमध्ये आणि नंतर विभागाकडे जातो. कोणत्याही टप्प्यावर तो त्रुटीसाठी विद्यार्थ्याकडे परत पाठवला जातो आणि पाहिला नाही तर तसाच पडून राहतो. निदान पंधरा दिवसांतून एकदा लॉगिन करून स्थिती पाहावी. अनुसूचित जातींच्या योजनेत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातले किती कॉलेजचे शुल्क आणि किती त्याचा भत्ता, हे कोणी सांगत नाही. घरात कर्ज असते, आजारपण असते, रक्कम खर्च होते आणि वर्षाअखेरीस कॉलेज निकाल अडवते. रक्कम जमा होतानाच्या संदेशात दोन आकडे वेगळे लिहिले तर ही फसगत टळेल.

मुलींसाठी २०२४-२५ पासून राज्याने चांगला निर्णय घेतला आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मात्र ही माफी केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांनाच लागू आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला तर ती मिळत नाही. 'मुलींना शिक्षण मोफत' एवढेच ऐकून फॉर्मवर सही करणाऱ्या पालकांना हे आधी सांगायला हवे. विकास शुल्क, खानावळ, पुस्तके यांचा खर्च तर उरतोच.

शेवटचा आणि आमच्या मते सर्वात दुर्लक्षित मुद्दा राहण्याचा आहे. बी. ए., बी. कॉम. सारख्या पदवीला घरून ये-जा करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला केंद्राच्या योजनेतून वर्षाला ३,००० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ६,००० रुपये भत्ता मिळतो. महिन्याचे किती झाले ते वाचकांनीच पाहावे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार (त्यात भोजन ३२ हजार, निवास २० हजार, निर्वाह ८ हजार), इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. आदिवासींसाठी स्वयम् आणि इतर मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना त्याच धर्तीवर आहेत. या योजना चांगल्या आहेत. अडचण त्यांच्या क्रमात आहे. आधी खोली घ्यायची, भाडेकरार जोडायचा, हजेरी दाखवायची आणि मग पैसे. ज्याच्याकडे अनामत आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांचे भाडे नाही तो अर्ज करण्याच्या पात्रतेलाच पोहोचत नाही, आणि गळती पहिल्या सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांतच होते. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापुरात जातवार वसतिगृहांना जागा आणि मदत दिली ती हीच अडचण ओळखून. पुढे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेत कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह आणि 'कमवा व शिका' यांची सांगड घातली तीही त्यासाठीच.

आमच्या मागण्या यातूनच निघतात. प्रत्येक माध्यमिक शाळेत नववीच्या दुसऱ्या सत्रात नाव, आधार आणि जनरल रजिस्टर यांची तपासणी मुख्याध्यापकांच्या जबाबदारीवर व्हावी. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने अकरावीच्या दिवाळीपूर्वी वैधतेचे अर्ज एकगठ्ठा पाठवावेत आणि जिल्हा समितीने महिन्यातून एकदा तालुक्याला बसून त्रुटी तिथेच पूर्ण करून घ्याव्यात. जुन्या शाळांची प्रवेश रजिस्टरे जिल्हा परिषदेने स्कॅन करून शोधता येतील अशी ठेवावीत, म्हणजे एकाच उताऱ्यासाठी एका कुटुंबातल्या पाच मुलांना पाच वेळा जावे लागणार नाही. स्वाधार, स्वयम् आणि ज्ञानज्योती आधार योजनांचा पहिला तिमाही हप्ता प्रवेश निश्चितीच्या पत्रावरच द्यावा आणि भाडेकरार नंतर ६० दिवसांत घ्यावा. वसतिगृहाची यादी कॉलेज सुरू होण्याच्या दिवसाआधी लागावी. फेऱ्या लांबल्या तर उशिरा प्रवेश घेणाऱ्यांसाठी काही खाटा राखून ठेवाव्यात. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. शिक्षण, महसूल, समाजकल्याण आणि आदिवासी विकास या चार खात्यांनी प्रवेशाचे वेळापत्रक समोर ठेवून एकत्र बसावे लागते. ही बैठक दरवर्षी जानेवारीत जिल्हाधिकाऱ्यांनी घ्यावी आणि तिचे इतिवृत्त जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावे.

आपले,
ग्रामीण महाविद्यालयांत प्रवेश व शिष्यवृत्तीचे काम पाहणारे काही प्राध्यापक आणि कर्मचारी